काढून टाकलेला आठवा बिट

चंदाच्या झोळीची दोरी दिपालीनं पायाच्या अंगठ्याला गुंडाळून घेतली होती. अंगठा हलला की झोळी हलायची, झोळी हलली की दहा महिन्यांचं लेकरू झोपेतच ओठ चोखायचं, आणि तेवढ्या अवधीत लॅपटॉपवर चार ओळी पुढं सरकायच्या. नवरा, सूरज, सकाळच्या गाडीनं सेलूला शाळेवर गेला की परभणीतल्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळपर्यंत मायलेकी दोघीच. गेल्या वर्षभरातलं तिचं सगळं काम असंच झालं होतं, लेकराच्या झोपेतून चोरून चोरून.

आजचं काम तसं सोपं होतं. एका पानाचा अहवाल. मधुवंती मॅडमनी विषयसुद्धा लिहून पाठवला होता: सोनपेठकडच्या तळावर दगावलेली सतरा मेंढरं, चुकीचं बटण दाबलं जाणं, आणि त्यावरचा उपाय. उपायही त्यांनीच सुचवला होता. लाल बटण मोठं करू, त्याला वर कडं बसवू, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची गफलत होणार नाही.

म्हातारं माणूस म्हणजे दत्तराव. दिपालीचे वडील, तिचे आबा.

मधुवंती मॅडम तिला इंजिनिअरिंगला शिकवायच्या. कॉलेज सोडल्यावर त्यांनी मेंढपाळांसाठी रेडिओची एक डबी बनवायचं काम हाती घेतलं, आणि पहिला फोन दिपालीला केला. दिवाळी झाली की मेंढरांमागं घरं निघतात ती आषाढाच्या तोंडाला परततात. आठ महिने कधी गोदावरीच्या काठानं, कधी कुणाच्या मोकळ्या रानात. बऱ्याच जागी मोबाईलला रेंज नसते. म्हणून ही तंबाखूच्या डबीएवढी पेटी, गळ्यात अडकवायची. तिला तीन बटणं. हिरवं म्हणजे सगळं ठीक. ते सकाळ-संध्याकाळ दाबायचं. पिवळं म्हणजे तळ हलवतोय. लाल म्हणजे जनावर आजारी, डॉक्टर पाठवा. निरोप हवेतून जायचा, जवळच्या गावातल्या पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या यंत्रात पडायचा आणि तिथून जनावरांच्या डॉक्टरच्या मोबाईलवर उमटायचा.

डबी दुसऱ्यांनी बनवली, पण तिची भाषा दिपालीची. हवेत निरोप नासतो. शेजारच्या शेतात कुणी मोटारीचा स्टार्टर टाकला, तारांवर ठिणगी उडाली, की वाटेतच शून्याचा एक होतो, एकाचं शून्य. तरीही पलीकडं खरा निरोप उमटला पाहिजे, हे तिचं शास्त्र. अशा एकेका शून्य-एकाला बिट म्हणतात; चार बिट निरोपाचे आणि तीन राखणीचे. सातांतला कुठलाही एक बिघडला तर राखणीचे तिघं मिळून नेमकं बोट ठेवतात, हा बिघडला म्हणून, आणि यंत्र तो उलटा करून सरळ करतं. चौदा घरांनी डब्या घेतल्या होत्या. पहिलं घर तिचं माहेर.

सोळा दिवसांपूर्वी, शिमग्याच्या आधी, तळ सोनपेठजवळ नदीकाठच्या एका रानात होता. बिरदेव, तिचा धाकटा भाऊ, बाजाराला गेलेला. ज्वारी काढून झालेल्या रानात पाणी सुटल्यामुळं एका पट्टीत कोवळे फुटवे आले होते, आणि चर ओलांडून मेंढरं त्या पट्टीत घुसली. कोवळी ज्वारी खाल्ली की किराळ लागते, त्या फुटव्यांचं विष चढतं, हे धनगराच्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. आबांनी हाकलली, पण तोवर पुढची वीसेक मेंढरं चरली होती. दहा मिनिटांत ती लटपटायला लागली. आबांनी डबीवरचं बटण दाबलं, डबी टुंग करून वाजली, म्हणजे निरोप गेला. ते मेंढरांजवळ बसून वाट बघत राहिले. त्यावरचं इंजेक्शन डॉक्टरकडं होतं, डॉक्टर पंचवीस मिनिटांच्या वाटेवर होता. तो आला नाही, कारण त्याच्या मोबाईलवर हिरवं उमटलं होतं. सगळं ठीक.

बाजारातून परत आलेला बिरदेव तसाच उलट्या पावली सडकेवर पळाला, आणि रेंज मिळाल्याबरोबर त्यानं बहिणीला फोन लावला.

तो फोन आठवला की दिपालीचा अंगठा थांबायचा. चंदा तेव्हा अंगावर पीत होती. एका हातानं लेकरू धरून तिनं दुसऱ्या हातानं लॅपटॉपवर निरोपांची यादी उघडली. चार वाजून बावन्न मिनिटं, दत्तरावांची डबी, हिरवं. तिनं तसं सांगितलं.

"आबा म्हणायलेत लाल दाबलं," बिरदेव धापा टाकत म्हणाला होता. "नीट बघ की अक्का."

"बघितलं रे. हिरवंच हाय. आबांचा हात चुकला असंल. मशीन काय खोटं बोलत न्हाई."

एवढंच बोलली ती, आणि लेकरू रडलं म्हणून फोन ठेवला.

त्या संध्याकाळी आबांनी बिरोबाच्या तांदळ्यापुढचा, देव म्हणून पुजायच्या गोल दगडापुढचा, भंडारा उचलला आणि चार माणसांदेखत सांगितलं, मी लालच दाबलं. भंडारा उचलून त्यांच्या घरात कुणी खोटं बोललेलं ऐकिवात नव्हतं. सगळ्यांनी ते मानलं. पण दुसऱ्या दिवशी बिरदेवानं त्यांना अक्का काय म्हणाली ते सांगितलं. आबांनी लेकीवर कधी शंका घेतली नव्हती. पंचक्रोशीत कुणाची लेक शिकली नसेल एवढी ही शिकलेली. ती म्हणते तर तसंच असणार. त्यांनी एक दिवस विचार केला आणि म्हणाले, मग मीच चुकलो असेन. आणि चुकलो ते चुकलो, भंडारा उचलून खोटं बोललो.

तेव्हापासून ते वाघरीच्या आत गेले नव्हते. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी. भंडाऱ्यावर खोटं बोललेल्या माणसानं पुढच्या जत्रेपर्यंत मेंढरांत पाय ठेवायचा नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. जत्रा चार महिने लांब होती.

हे सगळं दिपालीला माहीत होतं, आणि तिला वाईटही वाटत होतं, पण ते वाईट वाटणं अजून निराळं होतं. बापाचं वय झालं, हात कापायला लागला, याचं. त्या वाईट वाटण्यात ती स्वतः कुठं नव्हती.

अहवालाला पुरावा जोडावा म्हणून तिनं टाकीवरच्या यंत्राची कच्ची नोंद उघडली. सातही बिट जसे हवेतून पडले तसे. हिरव्याच्या पुढं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, दुरुस्त एक. म्हणजे एक बिट बिघडला होता आणि तिच्या कोडनं सुधारला होता. असं दिवसातून दहादा होतं. ती पुढं जाणार होती. पण यंत्र प्रत्येक बिट किती जोरात ऐकू आला तेही लिहून ठेवतं, आणि तिची नजर सहज त्या आकड्यांवरून फिरली.

सुधारलेला बिट सहावा होता. सहावा तर खणखणीत ऐकू आलेला. फिके होते दुसरा आणि तिसरा, इतके फिके की ते शून्य की एक हे कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं.

तिनं कागद घेतला. दुसरा आणि तिसरा उलटे करून सातही बिट ओळीनं लिहिले. मग लालचा कोड खाली लिहिला. वरची ओळ आणि खालची ओळ एकच होती. कुठंही काही सुधारायची गरज नव्हती.

आबांनी लाल दाबलं होतं. दोन बिट कुणाच्या तरी मोटारीनं नासवले, आणि दोन बिघडले की तिचा कोड फसतो, कारण त्याला एकच बिघडल्याचं गृहीत धरता येतं. त्यानं जवळचा कुठला रंग दिसतो ते बघितलं, हिरवा दिसला, आणि तिकडं नेण्यासाठी चांगला असलेला सहावा बिटही उलटा केला. तिसरी मोडतोड दिपालीच्या हातची. आणि त्या मोडतोडीपुढं तिनंच नाव लिहून ठेवलेलं, दुरुस्त.

झोळी केव्हाच थांबली होती. चंदा जागी होऊन, न रडता, झोळीच्या कापडातून वर बघत होती.

आधी हा कोड आठ बिटांचा होता. आठवा काही सुधारायचा नाही, त्याचं काम एकच: दोन बिट बिघडले तर ओरडायचं की बाबांनो, मला कळत नाही, विचारून घ्या. मग डॉक्टरच्या मोबाईलवर रंग न उमटता प्रश्नचिन्ह उमटलं असतं आणि त्यानं गाडी काढली असती. पण आठ बिटांत डबीची बॅटरी सात महिने पुरायची, आणि मेंढपाळ बाहेर असतात आठ. मॅडम म्हणाल्या होत्या, काहीतरी कर, आठवा महिना कुठूनतरी काढ. दिपालीनं आठवा बिट काढला. त्या दिवशी चंदाला लसीचा ताप होता, ती मांडीवर निपचित पडलेली, आणि दिपाली एका हातानं टाइप करत होती. एक बिट बिघडवून बघितला, सातही जागी, सगळं उत्तम. तिनं वही काढून बघितली. तिच्याच अक्षरात, घाईनं लिहिलेलं सापडलं: दोन चुका, नंतर बघू.

आणि आठवा न ठेवताही वाचवता आलं असतं. चार बिटांतून होणारे सोळा कोड होते हातात, लागत होते तीन. लाल आणि हिरवं एकमेकांपासून लांबात लांब ठेवायचं सोडून तिनं ओळीनं वाटत नेले होते, रेशनच्या दुकानात नंबर द्यावेत तसे.

त्या दिवशी अहवाल झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

असं नाही की तिनं ठरवलं होतं, लपवायचं. ठरवलं काहीच नव्हतं. ती फक्त मनात मांडत राहिली. नवा कोड आठ बिटांचा करून पुढच्या खेपेला गुपचूप टाकता येईल. अहवालात लिहिता येईल की हवेतला व्यत्यय. ते खोटंही ठरणार नाही. कच्ची नोंद उघडून बघणारं माणूस तिच्याशिवाय कुणी नव्हतं. आणि दर वेळी विचार इथवर आला की आणखी एक सबब आपसूक पुढं यायची: लेकरू लहान होतं, ताप होता. ही सबब सगळ्यांत सोपी होती, खरी होती, आणि तिचीच तिला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती. झोपलेल्या चंदाच्या अंगावर सतरा मेंढरं ठेवल्यासारखं वाटायचं.

बाकी तेरा घरांच्या गळ्यात तीच डबी होती. म्हणून तिनं राखण सुरू केली. दर अर्ध्या तासाला कच्ची नोंद उघडायची आणि प्रत्येक निरोपाचे आकडे डोळ्यांनी तपासायचे. भाकरी तव्यावर असताना, लेकराचे लंगोट पिळताना. सूरजनं विचारलं, एवढं काय बघतेस, तर काम आहे म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायचा फोन आला. सुगंधाबाईंना रेंज मिळवायला अर्धा कोस चालावं लागायचं, म्हणून त्या पहिल्यांदा सगळं महत्त्वाचं सांगून टाकत आणि मग खुशाली विचारत.

"तुझा बाप वाघरीच्या भायेर बसतो गं. दोन कोकरं झाली काल, त्येबी भायेरूनच बघितली. जाळीतून बोट घालून." मग म्हणाल्या, "मला म्हणायलेत, सुगंधे, मी आदीबी कुठं कुठं चुकलो असंल, तुला आठवतंय का सांग. काय सांगू मी?"

दिपालीनं हूं म्हटलं. चंदाला भूक लागलीय म्हणाली आणि फोन ठेवला. चंदाला भूक लागलेली नव्हती.

मग तिनं पाणी तापवलं, पाटावर पाय पसरून लेकराला पायांवर घेतलं आणि न्हाऊ घातलं. न्हाऊन, पुसून, काजळाचं बोट लावून येईतो पाऊण तास झाला. नोंद उघडली तर मधे पेडगावकडच्या मुंजाजींच्या डबीवरून हिरवं आलेलं. दुरुस्त एक. तिचे हात ओले होते, बोटं चालेनात. आकडे बघितले. एकच बिट फिका होता, तोच सुधारला होता. खरंच हिरवं होतं.

पण तो पाऊण तास तिनं मुंजाजींची मेंढरं आपल्या लेकराच्या न्हाणीवर टांगून ठेवली होती, हे काही आकड्यांनी पुसलं जाईना. राखण, राखण म्हणत ती स्वतःचं नावच तेवढं राखत होती. तिनं टॉवेलात गुंडाळलेल्या चंदाला कडेवर घेतलं आणि उभ्या उभ्या मधुवंती मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की चूक एकट्या दिपालीची कशी, आठवा महिना मागितला तो त्यांनी, आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायची जबाबदारीही त्यांचीच. त्यांचा आवाज मऊ होता. दिपालीला तो मऊपणा नको होता. ती म्हणाली, आधी सगळ्या डॉक्टरांना कळवा, जिथं दुरुस्त लिहिलेलं येईल तिथं रंगावर विश्वास ठेवू नका, जाऊन बघा. मॅडमनी ते लगेच करते म्हणून सांगितलं.

"आणि अहवालात काय लिहायचं, रचनेतली त्रुटी?"

"माझं नाव लिहा मॅडम. कोड कुणाचा होता ते."

"घरी सांगितलंस?"

"आज जाते."

सोनपेठच्या एसटीत चंदा खिडकीच्या गजाला दोन्ही मुठींनी धरून उभी राहिली. बाहेर हळद शिजवायच्या कढया मांडलेल्या, कुठं हरभऱ्याची खळी. दिपालीनं मनातल्या मनात वाक्यं जुळवली. प्रत्येक वाक्य कुठून ना कुठून लेकराकडं वळायचं आणि ती ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

सडकेवर उतरून शेताशेतातून चालत गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तळ आता दुसऱ्या रानात होता. आबा वाघरीच्या बाहेर, बाभळीला टेकून लोकर पिंजत बसले होते. कपाळ कोरं होतं. दिपालीनं ते कपाळ भंडाऱ्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर दुसऱ्याच कुणाचा बाप बसलाय असं वाटलं.

"आली का माझी बाय," म्हणत त्यांनी हात पुढं केले ते चंदाकडं. चंदा गेली आणि त्यांच्या मिशीला लोंबकळली.

माय पाणी घेऊन आली. दिपालीनं पाणी घेतलं नाही. ती आबांच्या समोर मातीत बसली, आणि जुळवलेलं एकही वाक्य न आठवता म्हणाली, "आबा, तुमी लालच दाबलं होतं."

आबा लोकर पिंजायचे थांबले.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. निरोप लालच निघाला. वाटंत बिघडला, अन् माझ्या कोडनं त्याचं हिरवं केलं. चूक माझी हाय. तीन दिस झाले मला कळून."

"तीन दिस," माय म्हणाली. तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

आबा तिच्याकडं बघत नव्हते. चंदाच्या मुठीतून मिशी सोडवत त्यांनी विचारलं, बिघडला म्हणजे काय झालं. तिनं मातीवर सात रेघा ओढल्या. एक पुसली तर ओळखता येते, दोन पुसल्या तर दुसऱ्याच निरोपासारखं दिसायला लागतं, असं करत करत सांगितलं. आबा रेघांकडं बराच वेळ बघत राहिले.

"कानावानी हाय की गं हे," ते म्हणाले.

"कसल्या कानावानी?"

मग त्यांनी सांगितलं. मेंढीच्या कानाला कातर देऊन खूण करतात, प्रत्येक घराची निराळी. ती खूण ठरवतानाच बघतात, की काट्यानं कान एखाद्या जागी फाटला तरी आपली मेंढी दुसऱ्याची दिसू नये. एवढं दिपालीला लहानपणापासून माहीत होतं. पुढचं मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

"पण दोन जागी फाटला, अन् आपली का मुंजाजीची कळंना झालं, तर कुणीच न्यायची न्हाई. जवळची दिसतीय म्हणून घिऊन गेला तो चोर. मधल्या रानात खुंटा ठोकायचा, तिथं बांधायची, अन् चार माणसं बोलवून इचारायचं." त्यांनी आता पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "तुझ्या मशिनीला खुंटा न्हाई का?"

"होता, आबा. मी काढला."

"का म्हून?"

इथं ती सबब जिभेवर आली. लेकरू समोरच होतं, आबांच्या मांडीवर, लोकरीचा पुंजका तोंडात घालायच्या बेतात. दिपालीनं तो पुंजका तिच्या मुठीतून काढून घेतला.

"बॅटरी वाचवायला. अन् तपासायचं ऱ्हायलं. नंतर बघू म्हणले, अन् बघितलंच न्हाई."

वाघरीच्या आत मेंढरं रवंथ करत होती. माय उगाच तांब्या इकडचा तिकडं करत होती.

"सतरा गेली ती गेली," आबा शेवटी म्हणाले. "त्येचं मी तुला काय म्हणू. कोवळ्या ज्वारीत गेली ती माज्या राखणीत गेली. बटण चुकलं म्हणलीस त्येचंबी काय न्हाई, म्हातारा झालोच हाय मी. पर तू म्हणलीस, मशीन खोटं बोलत न्हाई. म्हून मीबी तसंच म्हणाय लागलो. माजं बोट लालवर हुतं, मला दिसत हुतं ते, दुपारच्याला डोळं मिटलं तरी दिसायचं. अन् रोज जरा जरा हिरवं दिसाय लागलं. त्ये लई लागलं बग."

दिपालीनं मान खाली घातली. रडावं असं तिला वाटलं, पण रडलं तर आबा तिलाच समजवायला लागले असते. ती रडली नाही.

तेवढ्यात बिरदेव मेंढरांसाठी पाल्याचा भारा घेऊन आला. बहिणीला बघून हसला, मग तिघांची तोंडं बघून हसू आवरलं. आबा त्याला काही सांगतील म्हणून दिपालीनं वाट बघितली. आबांनी लोकर पुन्हा हातात घेतली. हे तिनंच सांगायचं होतं.

ती उठली. तांदळ्यापुढच्या पितळी वाटीतला भंडारा तिनं चिमटीत घेतला. लग्न होऊन सासरी गेल्यापासून तिनं तो असा हातात धरला नव्हता. बिरदेव, माय आणि आबांच्या देखत ती म्हणाली, "आबांनी लाल दाबलं. हिरवं मी केलं. मशीन खोटं बोललं, अन् त्याला बोलायला मीच शिकवलं."

बिरदेवाचा चेहरा आधी कळत नसल्यासारखा झाला, मग लाल. तो तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

"चार माणसांत मी आबांला हातानं थोटा म्हणलो," तो म्हणाला. "राखणीची काठी काढून घेतली हातातली. तुझ्या शब्दावर, अक्का."

तो थांबला नाही. भारा टाकून वाघरीपाशी गेला, जाळीची खुंटी उपटली, आणि माणूस जाईल एवढी वाट करून जाळी हातानं धरून उभा राहिला. बापाकडं न बघता.

आबा लगेच उठले नाहीत. चंदाला मायच्या हातात दिलं, धोतर झटकलं. दिपालीच्या चिमटीत भंडारा अजून तसाच होता. त्यांनी तिचा हात धरून तो स्वतःच्या कपाळाला लावून घेतला आणि आत गेले. काल झालेली दोन्ही कोकरं एकेक करून उचलली, पोटाखालून हात फिरवला, नाळ बघितली. माय चंदाला घेऊन त्यांच्या मागं गेली. दिपाली बाहेर उभी राहिली. तिला कुणी अडवलं नव्हतं. बोलावलंही नव्हतं.

बऱ्याच वेळानं आबा जाळीपाशी आले.

"ही डबी अजून कुणाकुणाच्या गळ्यात हाय?"

"तेरा घरं."

"त्यास्नी कोण सांगनार?"

"डॉक्टरांला मॅडमनी कळवलं. घरांला मीच सांगते. जाऊन. फोन लागत न्हाईत."

"कुठं कुठं हायत म्हाईत हाय का तुला? धनगराचा तळ काय पत्त्यावर सापडतो का?"

तिला माहीत नव्हतं. तिच्या नकाशावर चौदा ठिपके होते, पण ते टाक्यांचे, माणसांचे नव्हते. तिनं पिशवीतून वही काढली. तीच वही. एक कोरं पान उघडलं.

आबा जाळीच्या आतून सांगत गेले. गोपाळचा तळ या पंधरवड्यात मानवतच्या पलीकडं, कापूस उपटलेल्या रानात. बालाजी दुधना उतरून गेला असेल, पण त्याची बायको बाळंतीण आहे म्हणजे फार लांब नाही गेलेला. बजरंगला शोधायचं तर आठवडी बाजारात कमलबाईच्या चहाच्या गाड्यावर विचारायचं. कुणाच्या कुत्र्याला जपायचं, कुणाला आधी जेवायला वाढू द्यायचं आणि मगच बोलायचं, कोण शिव्या देईल आणि त्या ऐकून घ्यायच्या. दिपाली लिहीत गेली. बिरदेव पाला टाकता टाकता मधेच एका नावाला म्हणाला, तो आता तिथं नाही, परवाच हलला, आणि नवी जागा सांगितली. तिच्याशी बोलल्यासारखं नाही, हवेत बोलल्यासारखं. तिनं आधीचं खोडून ते लिहिलं.

बारा नावं झाली.

"अन् मुंजाजीमामा? पेडगावचे?" तिनं विचारलं.

आबांनी कोकरू खाली सोडलं. ते धडपडत आईच्या कासेला जाऊन लागलं.

"त्यो तुजं ऐकून घ्यायचा न्हाई. लई तापट हाय. अन् बायामाणसानं आपल्याला शिकवलेलं त्याला खपत न्हाई," आबा म्हणाले. "तिथं मी येतो संगट. बोलायचं मात्र तूच."